लोकरीच्या लडी आणि वंशावळी : रिव्हर्स यांच्या संवेदन-संशोधनाची कहाणी

साहित्याच्या अभ्यासकाला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे नाव भेटते ते तीन निरनिराळ्या वाटांवर. पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कविता वाचताना सिगफ्रीड ससून या कवीवर उपचार करणारे लष्करी डॉक्टर म्हणून ते भेटतात. गो. स. घुर्ये यांच्या चरित्रात त्यांचे केंब्रिजमधील गुरू म्हणून भेटतात. आणि मानसशास्त्राच्या एखाद्या जुन्या क्रमिक पुस्तकात, दृष्टिभ्रमांच्या प्रकरणात, ओळी-दोन ओळींपुरते भेटतात. हे तिघे एकच गृहस्थ आहेत हे ध्यानात यायला वेळ लागतो. ध्यानात आल्यावर मात्र प्रश्न पडतो, की कवीचे मन, समाजाची नातेव्यवस्था आणि कागदावरच्या दोन रेघा यांना जोडणारा धागा कोणता?

आमच्या मते तो धागा संवेदनाचा आहे. मराठी मानसशास्त्रात 'वेदन' आणि 'संवेदन' असा भेद केला जातो. प्रकाश डोळ्यावर पडला, ही झाली वेदनाची बाजू. समोर बैल आहे, तो कोसा आहे आणि तो आपला आहे, हे उमगणे म्हणजे संवेदन. आपल्याकडील नैयायिकांनी निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष असा भेद करून याच सीमेवर शतकानुशतके वाद घातला. पाहण्यात नाव, जाती, पूर्वानुभव किती मिसळलेले असतात? नाव नसेल तर पाहणे अपुरे राहते काय? भर्तृहरीने शब्दाविना ज्ञान नाही असे मानले, तर दिङ्नागाने शुद्ध प्रत्यक्ष कल्पनेपासून मुक्त असते असे मांडले. रिव्हर्स यांनी हाच वाद नकळत लोकरीच्या रंगीत लडी घेऊन समुद्रापार नेला. त्यातून जे निष्पन्न झाले त्याचा संबंध आजच्या आपल्या वर्गांशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१. तोतरा वैद्य

विल्यम हॅल्स रिव्हर्स रिव्हर्स यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करीत. मामा जेम्स हंट हे याच विद्येतले नाणावलेले तज्ज्ञ, शिवाय लंडनच्या मानवशास्त्रीय संस्थेचे संस्थापक. अशा घरात जन्मलेला हा मुलगा स्वतः तोतरा होता आणि आयुष्यभर थोडाफार तोतराच राहिला. ज्याचा शब्द ओठांवर अडतो, त्याला शब्द आणि जाणीव या दोन गोष्टी एक नाहीत हे इतरांपेक्षा लवकर कळत असावे.

त्यांच्याविषयीची आणखी एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. डोळ्यांवर हयात घालवलेल्या या संशोधकाच्या मनश्चक्षूंपुढे चित्रे उमटत नसत. बालपणीच्या घराचा वरचा मजला आपल्याला काही केल्या आठवत नाही, पाच वर्षांच्या सुमारास आपली चित्रस्मृती मावळली, असे त्यांनीच नमूद केले आहे. मनात चित्रे न उमटण्याच्या या अवस्थेला मानसशास्त्राने अगदी अलीकडे, २०१५ मध्ये, 'अफँटेशिया' हे स्वतंत्र नाव दिले. नाव मिळण्यापूर्वीही अवस्था होतीच. हा मुद्दा पुढे आपल्याला लागणार आहे.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातून वैद्यकीय पदवी (१८८६), जहाजावरील डॉक्टरकी, मज्जाविकारांच्या रुग्णालयातील उमेदवारी, जर्मनीतील अभ्यास असा प्रवास करून रिव्हर्स १८९३ मध्ये केंब्रिजला ज्ञानेंद्रियांच्या शारीरविज्ञानावर व्याख्याने देऊ लागले. १८९७ मध्ये ते तेथे शारीर आणि प्रायोगिक मानसशास्त्राचे अधिव्याख्याते झाले. त्याच वर्षी केंब्रिज आणि लंडन विद्यापीठ महाविद्यालय येथे ब्रिटनमधील पहिल्या दोन मानसशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाल्या, आणि काही काळ दोहोंची देखरेख याच एका माणसाकडे होती.

२. मेर बेटावरची प्रयोगशाळा

१८९८ साली ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिजची एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीकडे निघाली. रिव्हर्स, त्यांचे विद्यार्थी सी. एस. मायर्स आणि विल्यम मॅकडुगल, शिवाय सी. जी. सेलिगमन, सिडनी रे आणि अँथनी विल्किन असा चमू होता. 'रानटी' म्हणवल्या जाणाऱ्या लोकांची ज्ञानेंद्रिये त्यांच्याच भूमीवर, प्रयोगशाळेतील उपकरणांनी पद्धतशीरपणे तपासण्याचा हा पहिला मोठा उपक्रम होय.

त्या काळी प्रवासवर्णनांतून एक समजूत रूढ झाली होती. आदिम माणसाची नजर घारीसारखी तीक्ष्ण असते. क्षितिजावरचे जहाज गोऱ्या माणसाला दिसण्यापूर्वी त्याला दिसते. हर्बर्ट स्पेन्सर यांच्यासारख्या विचारवंतांनी या समजुतीला सिद्धान्ताचे रूप दिले होते. ज्याची शक्ती इंद्रियांत खर्च होते, त्याच्याकडे बुद्धीसाठी शक्ती उरत नाही, असा त्या सिद्धान्ताचा मथितार्थ होता. स्तुतीच्या वेषात आलेली ही निंदाच होती.

मेर अर्थात मरे बेटावर रिव्हर्स यांनी इंग्रजी 'ई' अक्षराच्या आकृत्या वेगवेगळ्या दिशांना फिरवून लोकांची दृष्टी तपासली. अक्षरओळख लागू नये, केवळ दिशा दाखवता यावी, यासाठी ही योजना होती. काळ्या माणसाची नजर गोऱ्यापेक्षा चांगली असते असे काही जण म्हणतात, ते खरे का हे पाहायला आम्ही आलो आहोत, असे बेटावरच्या लोकांना सांगितले गेले. त्यामुळे तेही ईर्षेने चाचण्यांना बसले. निष्कर्ष असा निघाला की त्यांची दृष्टी युरोपीय सरासरीपेक्षा काहीशी बरी होती, पण दंतकथेतल्यासारखी मुळीच नव्हती. क्षितिजावरचे जहाज त्यांना आधी कळते ते त्या समुद्राच्या सवयीमुळे. कोणत्या ठिपक्याकडे लक्ष द्यायचे हे त्यांना ठाऊक असते. डोळा सर्वत्र जवळपास सारखाच. त्याचे शिक्षण वेगळे.

इथवर रिव्हर्स यांनी मोजून-मापून स्पेन्सरी समजुतीचा पाया काढून घेतला. पण गंमत अशी, की पाया काढल्यावरही इमारत त्यांनी उभीच ठेवली. आपल्या अहवालात (१९०१) त्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की या लोकांचे लक्ष बाह्य वस्तूंच्या बारकाव्यांत इतके गुंतलेले असते की त्यामुळे उच्च मानसिक विकासाला अडथळा होत असावा. आकडे एक सांगत होते, काळाचे संस्कार दुसरेच वदवून घेत होते.

३. निळ्याचे प्रकरण

याहून उद्बोधक आहे ते रंगांचे प्रकरण. त्याची पार्श्वभूमी थेट साहित्याची आहे. ब्रिटनचे पुढे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी १८५८ मध्ये होमरवर ग्रंथ लिहिला. होमरच्या काव्यात रंगवाचक शब्द विचित्र आणि थोडे आहेत, आकाशाला निळे म्हटलेले नाही, या निरीक्षणावरून प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अविकसित असावी असा तर्क त्यांनी केला. लाझारस गायगर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने ऋग्वेदाविषयी तसेच निरीक्षण नोंदवले: उषा, सूर्य, आकाश यांनी भरलेल्या या सूक्तांत आकाशाचा निळेपणा कोठेच सांगितलेला नाही. म्हणजे मेर बेटावर रिव्हर्स पोचले तेव्हा ग्रीक आणि वैदिक ऋषी आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते.

रिव्हर्स यांनी रंगांधत्व तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या होमग्रेनच्या लोकरीच्या लडी पुढे ठेवल्या आणि सारखे रंग निवडायला सांगितले. लोविबाँडच्या टिंटोमीटर या उपकरणातून रंगीत काचा दाखवून कोणता रंग किती फिकट असताना ओळखता येतो हेही मोजले. मग रंगांची नावे विचारली. मेरच्या भाषेत रंगांची बरीच नावे वस्तूंवरून द्विरुक्तीने साधलेली होती. लाल रक्तावरून, पिवळा हळदीवरून, काळा माकुलावरून, हिरवा पित्तावरून. निळ्यासाठी मात्र इंग्रजी 'ब्लू'चीच द्विरुक्ती करून 'बुलुबुलु' असा उसना शब्द रूढ झाला होता. उपकरणावरही फिकट निळा ओळखण्यात हे लोक युरोपियनांपेक्षा कमी पडले. रिव्हर्स यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. निळ्याविषयी या लोकांच्या डोळ्यात काही अंशी मंदत्व आहे, ते नेत्रपटलावरील रंगद्रव्यामुळे असावे आणि भाषेतला अभाव हा त्याचा परिणाम असावा, असा कौल त्यांनी दिला.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबून आपल्याच भाषेकडे पाहावे. हळदी, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, अबोली, राखाडी हे रंग आपणही वस्तूंवरूनच साधले. संस्कृतातील 'नील' काळ्यापासून निळ्यापर्यंत पसरतो. 'श्याम' तर मेघ, मोर, तमाल अशा साऱ्यांना पुरतो. आमच्या संतकवींचा विठ्ठल एकाच वेळी काळा, सावळा आणि घननीळ असतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'निळासावळा' (१९५९), नंतरच्या दोहोंची 'पारवा' (१९६०) आणि 'हिरवे रावे' (१९६२). पारव्याचा रंग नेमका करडा की निळसर, हे टिंटोमीटरच्या काचेवर ठरवू पाहणाऱ्याच्या हाती काय लागेल? तो रंग मोजमापाने ठरलेला नसून पाखरासकट आलेला आहे. ज्याला 'सावळा' या शब्दाची छटा कळत नाही, त्याच्या डोळ्यात दोष आहे असे आपण म्हणत नाही. त्याला आपली भाषा ठाऊक नाही असे म्हणतो.

रिव्हर्स यांच्या निष्कर्षावर सर्वांत नेमका घाव घातला तो ई. बी. टिचनर या अमेरिकेतील प्रयोगवादी मानसशास्त्रज्ञाने, १९१६ मध्ये. मेरवरची खोली अंधारी होती, प्रकाश कमी-जास्त होत होता, अशा स्थितीत निळा रंग कोणालाही उशिरा ओळखू येईल, असे त्याने उलट प्रयोग करून दाखवले. फरक लोकांच्या डोळ्यांत असण्याऐवजी खोलीतल्या उजेडात असू शकतो, हे त्याचे म्हणणे. येथे रिव्हर्स यांच्या पदरात एक माप घालायला हवे. टिचनर हे करू शकला, कारण रिव्हर्स यांनी उपकरण, खोली, पद्धत आणि एकेका व्यक्तीचे आकडे तपशीलवार छापले होते. आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच नीट जपून ठेवणे, ही विद्याव्यवहारातली दुर्मीळ सचोटी आहे.

४. तोडांच्या डोंगरात

१९०१-०२ मध्ये रिव्हर्स भारतात आले आणि नीलगिरीवर तोडा लोकांमध्ये सुमारे सहा महिने राहिले. म्हशी पाळणारी, दुग्धालयांनाच देवालये मानणारी ही सुमारे आठशे माणसांची जमात. 'द तोडाज' हा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये आला आणि भारतीय मानवशास्त्रात तो आजही उल्लेखला जातो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, तोडांच्या ज्ञानेंद्रियांवरील त्यांचा दीर्घ निबंध 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. जेम्स वॉर्ड आणि रिव्हर्स यांनीच ते नियतकालिक १९०४ मध्ये सुरू केले होते.

मेर आणि नीलगिरी या दोन्ही ठिकाणी त्यांनी दोन प्रसिद्ध भ्रमाकृती वापरल्या. पहिली म्युलर-लायरची. सारख्या लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोकांना आत वळलेली बाणाची पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली. दुसरी रेघ लांब भासते. दुसरी आकृती आडव्या-उभ्या रेघेची; सारख्याच लांबीची उभी रेघ आडवीपेक्षा मोठी वाटते. 'आदिम' माणूस भोळा, तेव्हा तो भ्रमाला अधिक बळी पडणार, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. आकडे निराळेच आले. म्युलर-लायर आकृतीने मेरचे लोक आणि तोडा हे इंग्रजांपेक्षा कमी फसले. उभ्या-आडव्या रेघेने मात्र ते अधिक फसले.

या एका उलटापालटीत मोठी गोष्ट दडली होती. एखादा समाज 'एकंदरीत' जास्त भ्रमिष्ट किंवा कमी भ्रमिष्ट असे काही असूच शकत नाही. एका आकृतीत जो चोख, तो दुसरीत फसतो. समाजांना एका शिडीवर खाली-वर उभे करण्याच्या उद्योगाला यामुळे तडा गेला. पहिल्या भ्रमाचे रिव्हर्स यांनी दिलेले स्पष्टीकरणही मननीय आहे. इंग्रज प्रेक्षक आकृती अखंड पाहतो, म्हणून पाती त्याच्या मापाला हुलकावणी देतात. बेटावरचा माणूस सांगितलेल्या रेघेवरच लक्ष ठेवतो. लक्ष कुठे द्यायचे हे संस्कृती शिकवते, असेच हे म्हणणे आहे.

पुढे १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांतून याच आकृत्या फिरवल्या आणि असा तर्क मांडला, की चौकोनी घरे, काटकोनी कोपरे यांच्या जगात वाढलेल्या डोळ्यांना म्युलर-लायरचा भ्रम अधिक होतो. तोडांची अर्ध्या पिंपासारखी, वळणदार छपराची घरे या तर्काशी जुळतात हे खरे. तथापि प्रकरण तेथे मिटले नाही. भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात, जन्मतः मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या आणि शस्त्रक्रियेने नुकतीच दृष्टी मिळालेल्या ८ ते १६ वर्षे वयाच्या नऊ मुलांना याच प्रकारच्या भ्रमाकृती दाखवण्यात आल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीही लगेच फसली. ज्यांनी चौकोनी घरे डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती, ती का फसावीत? म्हणजे संस्कृतीने घडवलेला डोळा की निसर्गाने दिलेला डोळा, हा रिव्हर्स यांचा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही उघडाच आहे.

५. एका हाताची गोष्ट

दुसऱ्यांची ज्ञानेंद्रिये मोजून आल्यावर रिव्हर्स यांनी जे केले ते आम्हांस विशेष वाटते. ते आपल्याच वर्तुळात परतले. त्यांचे मित्र, मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी स्वतःच्या डाव्या हाताची मज्जा शस्त्रक्रियेने कापवून घेतली. पुढची चार वर्षे ते सवड काढून केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजमधील रिव्हर्स यांच्या खोल्यांवर येत, डोळे मिटून बसत, आणि रिव्हर्स कापूस, केस, टाचणी, गरम-थंड नळ्या लावून कातडीला काय जाणवते ते टिपत. हा वृत्तान्त १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी परतली ती ढोबळ, नेमकी जागा न सांगणारी, भडक अशी वेदना. सूक्ष्म स्पर्श आणि नेमकी जाण फार उशिरा परतली. यावरून त्यांनी मज्जासंस्थेचे जुना-आदिम आणि नवा-विवेकी असे दोन थर कल्पिले. ही द्विस्तरीय मांडणी पुढील प्रयोगांत टिकली नाही. परंतु लक्षात घ्यायची बाब वेगळी आहे. 'आदिम' थर शोधायला आधी टोरेसला गेलेल्या या संशोधकाला तो थर अखेर सापडल्यासारखा वाटला तो एका सुशिक्षित इंग्रज डॉक्टरच्या हातात.

६. डोळ्यांपासून नात्यांपर्यंत

आता वंशावळींकडे येऊ. मेर बेटावर रिव्हर्स यांना एक साधी अडचण पडली होती. रंगदृष्टीसारखे गुण कुळात उतरतात काय हे पाहायचे, तर चाचणीला बसलेल्यांपैकी कोण कोणाचा कोण हे कळायला हवे. म्हणून त्यांनी वंशावळी टिपायला सुरुवात केली. इंग्रजी 'अंकल'-'कझिन' या मोघम शब्दांनी घोटाळा होतो हे ओळखून आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे, खऱ्या माणसांची नावे विचारायची आणि मग एकेक जण दुसऱ्याला काय म्हणून हाक मारतो हे पाहायचे. हाच तो 'वंशावळी-पद्धती'चा उगम. तिची प्रौढ मांडणी त्यांनी १९१० मध्ये केली. ज्यांच्या भाषेत काका, मामा, मावसा, साडू, व्याही हे सगळे वेगवेगळे आहेत, त्या आपल्याला या युक्तीचे मोल निराळे सांगायला नको. भारतातील मामे-आते विवाहांवर त्यांनी १९०७ मध्ये निबंधही लिहिला.

मालवणला १८९३ मध्ये जन्मलेले, संस्कृतात एम. ए. झालेले गोविंद सदाशिव घुर्ये १९२० मध्ये इंग्लंडला गेले, आणि लंडनमध्ये मन न रमल्याने केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे आले. ४ जून १९२२ रोजी रिव्हर्स अकस्मात वारले. घुर्ये यांनी हॅडन यांच्याकडे प्रबंध पुरा केला, १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे घेतली आणि १९३२ मध्ये 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा ग्रंथ दिला. नाकाच्या मापावरून जातींची वांशिक उतरंड लावणाऱ्या रिस्ले यांच्या सिद्धान्ताची त्यात झडती आहे. घुर्ये यांच्याकडे इरावती कर्वे १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. त्यांच्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात नातेशब्दांचा जो काटेकोर धांडोळा आहे, आणि 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांकडे प्रथम कोणाचा कोण म्हणून पाहण्याची जी दृष्टी आहे, तिचे मूळ एकट्या रिव्हर्समध्ये शोधणे अतिशयोक्तीचे होईल. इरावतीबाईंची प्रज्ञा स्वतंत्र होती. परंतु लोकरीच्या लडींपासून निघालेली एक वाट मुंबईमार्गे पुण्यापर्यंत आली, एवढे निश्चित म्हणता येते.

या गुरुपरंपरेत एक कच्चा दुवाही आला. १९११ नंतर रिव्हर्स संस्कृतिप्रसारवादाकडे झुकले. प्रत्येक चालीरीत कोठून तरी प्रवास करत आली असे सिद्ध करण्याचा हा नाद. घुर्ये यांच्या लेखनातही तो दीर्घकाळ दिसतो. परंपरा देते तेव्हा गुणांबरोबर खोडीही देते.

७. ज्यांनी फार पाहिले

महायुद्धाने रिव्हर्स यांना पुन्हा वैद्य केले. १९१६ पासून ते एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथे मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करीत होते. १९१७ च्या जुलैत युद्धाचा जाहीर निषेध करणारे कवी ससून तेथे आले. विल्फ्रेड ओवेन हेही त्याच रुग्णालयात होते, पण त्यांचे डॉक्टर दुसरे. जे पाहिले ते विसरा, असा रुग्णांना सल्ला देण्याची तेव्हा रीत होती. रिव्हर्स यांनी नेमके उलटे केले. दाबून टाकलेले दृश्यच रात्री स्वप्नात परत येते. त्याला दिवसा सामोरे जावे, बोलावे, आणि त्यात सोसण्याजोगा एखादा अर्थ सापडतो का ते पाहावे, अशी त्यांची रीत. 'युद्धानुभवाचे दमन' या विषयावरील त्यांचा निबंध १९१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

येथेही संवेदनाचाच अभ्यासक काम करत होता. वेदन परत घेता येत नाही, पण संवेदन बदलता येते. घडलेले पुसता येत नाही, त्याचा अर्थ लावता येतो. ससून यांनी 'शर्स्टन्स प्रोग्रेस' (१९३६) या पुस्तकात इतर पात्रांना टोपणनावे दिली, रिव्हर्स यांना मात्र त्यांच्या खऱ्या नावाने आणले. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 'ऑन इंग्लिश पोएट्री' (१९२२) लिहिताना त्यांचे ऋण मानले. पॅट बार्कर यांच्या 'रीजनरेशन' (१९९१) पासून सुरू झालेल्या कादंबरीत्रयीने नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. आणि केंब्रिजच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी फ्रेडरिक बार्टलेट यांनी 'रिमेंबरिंग' (१९३२) या ग्रंथात दाखवले, की स्मृती ही साठवण नसून पुनर्रचना असते. परक्या संस्कृतीतली गोष्ट आठवताना माणूस ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून घेतो.

८. आपला प्रश्न

या साऱ्याचे मराठवाड्यातल्या मराठीच्या प्राध्यापकाने काय करावे? आम्हांला वाटते, रिव्हर्स यांच्या अहवालातील ते एक वाक्य आपण वारंवार आठवावे: बारकाव्यांत लक्ष गुंतले की उच्च विचार खुंटतो. कारण हे वाक्य मेलेले नाही. वेश बदलून ते आपल्या कर्मचारीकक्षांत वावरते. 'खेड्यातली मुलं निरीक्षणाला चांगली, पण अमूर्त विचार जमत नाही', 'शब्दसंपत्ती कमी, त्यामुळे आकलन कमी' ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. धुळे-सोलापूर महामार्गावरील चौसाळ्याच्या पंचक्रोशीतून, बालाघाटाच्या उतारावरच्या वस्त्यांतून येणारा विद्यार्थी 'प्रतिमासृष्टी' आणि 'संवेदनशीलता' हे शब्द उत्तरपत्रिकेत चुकीचे लिहितो, आणि आपण निर्णय देऊन मोकळे होतो.

पण याच विद्यार्थ्याला ज्वारी पोटऱ्यात आली की निसवली, हुरड्यात आली की त्यापुढे गेली, हे बांधावरून दिसते. जमीन काळी आहे, बरड आहे, मुरमाड आहे की चोपण, हे तो एका नजरेत सांगतो. झाकोळ आणि मळभ यांत त्याला फरक दिसतो. या प्रत्येक ओळखीत वर्गीकरण आहे, अनुमान आहे, पुढे काय होईल याचा अंदाज आहे. अमूर्त विचार म्हणजे तरी दुसरे काय असते? फक्त त्याचे शब्द आपल्या अभ्यासक्रमाच्या परिभाषेत नाहीत. 'निळा' हा शब्द न सापडल्यावर डोळ्यात खोट काढणाऱ्या संशोधकाची जी गफलत झाली, तीच परिभाषा न सापडल्यावर बुद्धीत खोट काढणाऱ्या परीक्षकाची होते.

याचा अर्थ परिभाषा शिकवू नये असा मुळीच नाही. मेरच्या लोकांनी 'बुलुबुलु' हा शब्द उसना घेतला आणि वापरात आणला. नवा शब्द मिळाला की नजरेला एक नवी पकड मिळते, हे भाषेचे सामर्थ्य आहेच. मुद्दा क्रमाचा आहे. आधी विद्यार्थ्याला काय दिसते ते त्याच्या शब्दांत विचारावे, मग त्याला आपला शब्द द्यावा. कवितेचा तास घेताना 'या ओळीत कोणती प्रतिमा आहे?' असे विचारण्याआधी 'काय दिसलं?' एवढेच विचारून पाहावे. उत्तर बहुधा परिभाषेत येणार नाही, पण ते कवितेच्या अधिक जवळचे असण्याचा संभव मोठा.

आणि उत्तर आलेच नाही, तर विद्यार्थ्याविषयी काही ठरवण्यापूर्वी टिचनरने विचारलेला प्रश्न स्वतःला विचारावा: खोलीत उजेड पुरेसा होता काय?